मासळीचा शंख

पापा तेओचे पुढचे दात शाबूत असते तर हे घडलंच नसतं, असं आन्स मालो गावात अजूनही कुणीतरी म्हणतं. माणसांना दोष द्यायला काहीतरी लागतंच, आणि दातांना दोष दिला की कुणाचं मन दुखत नाही. एर्लीनला मात्र ते ऐकवत नाही. ती उठून जाते.

तेओ तिचा सासरा. उभा जन्म समुद्रावर गेलेला. होडी किनाऱ्याला लागली की तो खडकावर उभा राहून शंख फुंकायचा, तुटक तुटक, तीन-तीनदा. तो ऐकला की डोंगरउतारावरच्या घराघरांतून बाया घमेली, टोप, हाताला लागेल ते घेऊन खाली येत. हा मासळीचा शंख. तो असा तोडून वाजवायचा तर जीभ आणि दात दोन्ही लागतात. होडी मुलाच्या, कालिस्तच्या हातात गेली तरी शंख म्हाताऱ्याकडेच राहिला, कारण कालिस्तने फुंकला की गाय हंबरल्यासारखा आवाज येई आणि बाया हसत हसत उशिरा पोचत.

कालिस्त तसा सगळ्यातच सावकाश. गावात त्याला कासव म्हणत. होडीचं दावं सुटलं तरी हा चालतच जायचा. एर्लीनने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा तिच्या माहेरच्यांनी, बेटाच्या पलीकडच्या अंगाला, कपाळाला हात लावला होता. ही बोलायला तिखट, हाताने चपळ, एका जागी दोन मिनिटं न बसणारी, आणि नवरा हा असा. पण त्या दोघांचं छान जमलं. तो मासळी आणायचा, ती विकायची, आणि संध्याकाळी ती बडबडायची आणि तो ऐकायचा.

मागच्या मोठ्या तुफानात तिचं किनाऱ्यावरचं लाकडी दुकान, दोन्ही फ्रीज आणि बर्फाची पेटी समुद्रात गेली. त्यानंतर वर्षभर त्या दोघांनी कच्ची केळी आणि अळकुड्या खाऊन दिवस काढले. मासळी मिळायची, पण ठेवायला बर्फ नाही, आणि गिऱ्हाईक कुठं आहे त्याचा पत्ता नाही. निम्मं गाव पाहुण्यांकडे पांगलेलं. त्याच सुमारास राजधानीहून, रोझोहून, एक बाई शाळेच्या हॉलमध्ये शिकवायला आली. लहान धंदेवाल्यांनी फोनवर धंदा कसा करावा, तुफानातून लवकर कसं उभं राहावं, असं काहीबाही. बहुतेकजण सँडविच खायला गेले. एर्लीन पहिल्या बाकावर बसली आणि तिने त्या बाईला इतके प्रश्न विचारले की बाईचीच सँडविचं राहून गेली.

तिने सगळं केलं. गिऱ्हाइकांची नावं फोनवर घेतली, पैसे फोनवर घ्यायला शिकली, मदतीचा अर्ज भरला, आणि नदीच्या मुखाशी सिमेंटचं बर्फघर बांधलं. जाड भिंतींचं, वर लोखंडी शिडी, आणि स्लॅबवर उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या. गाव म्हणालं, एर्लीन मासळीसाठी तुरुंग बांधते आहे. दोन वर्षांनी एक छोटं तुफान आलं. सगळीकडे अंधार, आणि तिसऱ्या दिवशी एर्लीन बर्फघराच्या दारात उभी राहून कुपा कापत होती. त्यानंतर तुरुंगाचा विषय कुणी काढला नाही. सुईणबाईची औषधंसुद्धा लोक तिच्या फ्रीजमध्ये ठेवायला लागले. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढचं ऐकून लोकांना वाटतं की सगळा दोष फोनचा. तसं नव्हतं. फोनने त्या बाईला उभं केलं होतं, आणि तिने गावाला.

अडचण एकच होती. होडी लागली की ती गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिहायची, अमुक मासळी आली, आणि कुणी बघायचंच नाही. फोनला दिवसभर किणकिण. चर्चचा ग्रुप, लॉटरीचा ग्रुप, शेजारच्या ग्वादलूप बेटावर राहणारी मावसबहीण. एर्लीनची डोराडो मासळी त्या गर्दीत बुडून जायची. तेव्हा तिला सुचलं की आपल्या ग्रुपला वेगळा आवाज हवा, कानावर पडताच पाय उचलले जातील असा. तो आवाज तर घरातच होता.

पापा तेओने सुरुवातीला तिच्या नावाने गावभर शंख केला, आणि तोही तोंडाने. सून म्हणे आता शंख डबीत भरणार. पण तोपर्यंत त्याचे पुढचे चार दात गेले होते, किनाऱ्यावर त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि एर्लीनने रमची बाटली पुढे ठेवून गोड बोलून विचारलं तेव्हा तो लगेच उठला. अंगणात नीरफणसाखाली उभा राहिला आणि तुटक फुंकायला लागला. दातांच्या फटीतून नुसती हवा गेली. पुन्हा फुंकला, तर थुंकी उडाली. एर्लीन हसली. मग तोही हसला, पण तिच्याकडे न बघता.

"लांब फुंका ना, पापा," ती म्हणाली. "एकाच दमात. तोडायचं नाही म्हणजे झालं."

तेओने तोंड पुसलं. "लांबला मासळी नसते, पोरी. लांब मोन्तेचा."

मोन्ते म्हणजे चढा. वर जा. नदी फुटली, दरड सुटली, समुद्र आत घुसला की तो वाजवायचा, श्वास संपेपर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तेओच्या बापाने वाजवला होता. तेओने स्वतः एकदाच, एर्लीन जन्मायच्याही आधी.

"आता कोण वाजवतंय मोन्तेचा?" ती म्हणाली. "तुफान येणार ते फोनवर आदल्या दिवशी कळतं. तो आवाज नुसता पडून राहिलाय. मला द्या."

कालिस्त पायरीवर बसून जाळं शिवत होता. त्याने मान वर केली. काही बोलेल असं एर्लीनला वाटलं, पण तो नेहमीसारखा वेळ घेत होता, आणि तेवढ्यात म्हाताऱ्याने शंख ओठाला लावला.

काय फुंकला त्याने. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या, खालच्या आळीतली कुत्री रडायला लागली. फोनमध्ये भरलेला तो आवाज एर्लीनने चार सेकंदांवर कापला, कारण त्याहून जास्त कुणी ऐकत बसलं नसतं. मग ती घरोघर गेली. प्रत्येकाचा फोन स्वतःच्या हातात घेऊन तिने तो आवाज ग्रुपला लावून दिला. म्हाताऱ्यांना नंबर मोठे करून दिले, कुणाचा जुना फोटो सापडत नव्हता तो शोधून दिला. मा झेफिरीन म्हणून खालच्या वळणावर राहणारी वयस्क बाई होती, तिने आवाज ऐकून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, अगं हा तर चढायचा. एर्लीन म्हणाली, आता हा तुमच्या जावयाच्या कालवणाचा. झेफिरीन हसली. फोन तिने उशाशी ठेवला.

आवाज गावाला असा लागला की विचारू नका. शंख वाजला की घमेलं उचलायचं. चर्चमध्ये उपदेश चालू असताना वाजला, तर पाद्रीबाबांचाच फोन. शाळेतली पोरं तोंडाने वाजवायची, वाऽऽऽ करून, आणि एकमेकांना ढकलत उतारावरून खाली पळायची. हा त्यांचा खेळच झाला होता. पापा तेओ कट्ट्यावर बसून ते बघायचा आणि म्हणायचा, बघा, म्हातारा एका वेळी साठ घरांत वाजतो. पाच वर्षं गेली. त्या पाच वर्षांत दुसरा शंख कुणी ऐकला नाही.

मग हे तुफान आलं. इशारा वेळेवर आला, फोनवरच आला, आणि सगळं गाव शाळेत जाऊन बसलं. शाळा नदीच्या वर, डोंगराच्या खांद्यावर. रात्रभर काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही, ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे. सकाळी छपराचा अर्धा पत्रा नव्हता, समोरच्या डोंगरावर एकही पान नव्हतं, टॉवर दरीत आडवा पडला होता, पण माणूस एकही गेलं नव्हतं. लोक एकमेकांना मोजत होते आणि पुन्हा पुन्हा मोजत होते. रडत होते, पण ते रडणं सुटकेचं होतं.

दोन दिवसांत शाळेतलं खायचं संपत आलं. खारवलेला मासा संपला, पीठ भिजलं. दोन्ही बाजूंचे रस्ते दरडींनी बंद. हेलिकॉप्टर एकदा वरून गेलं, थांबलं नाही. लहान पोरं कुरकुरायची थांबली होती, आणि ते एर्लीनला कुरकुरण्यापेक्षा वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती बर्फघर बघायला निघाली. कालिस्त शाळेच्या छपरावर ताडपत्री ठोकत होता. ती खालून म्हणाली की बर्फघर उभं असेल तर आत कुपा आणि डोराडो भरलेली आहे, सगळी वाटून टाकते. एकेका घराला बोलावून. पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत.

"सगळी?" कालिस्तने विचारलं.

"सगळी. मग पुन्हा तू आहेस आणि समुद्र आहे."

तो छपरावरून हसला. तोंडात खिळे होते, त्यामुळे ते हसणं वाकडं झालं. मग खाली बसलेल्यांना त्याने सांगून टाकलं की एर्लीन मासळी काढायला गेली आहे, भांडी जवळ ठेवा, ती बोलावेल. कशी बोलावेल ते त्याने सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. बायांनी घमेली धुऊन दाराशी रचून ठेवली. तीन दिवसांनी पहिल्यांदा हॉलमध्ये कुणीतरी थट्टा केली.

तेओ तिथं नव्हता. आपल्या अळूच्या वाफ्याचं काय झालं ते बघायला तो पहाटेच वर, नदीच्या उगमाकडच्या वाटेला लागला होता. घराचं छप्पर उडाल्यापासून त्याचं जे काही उरलं होतं ते एका पोत्यात होतं, आणि ते पोतं तो कुठंही ठेवत नव्हता. सदरा, सुरी, बायकोचा फोटो आणि शंख.

बर्फघर जागच्या जागी होतं. एर्लीनने दोन्ही हात भिंतीला लावले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. पाच पाट्यांपैकी दोन उडाल्या होत्या, तीन शाबूत होत्या. फ्रीज गुरगुरत होता. आत मासळी दगडासारखी कडक. तिने फोन चार्जिंगला लावला, तो भरायला लागला, आणि ती बाहेर येऊन तोंड धुवायला नदीवर गेली. पाणी घोट्याएवढंही नव्हतं. एवढा पाऊस पडून नदी अशी रोडावलेली. तिला बरंच वाटलं, म्हटलं लोकांना येताना चिखल कमी लागेल.

आत येऊन तिने ग्रुपवर लिहिलं. मासळी आहे. घमेली घेऊन या. पैसे नकोत. निरोप जायचा नाही हे तिला माहीत होतं, टॉवर दरीत पडलेला तिने पाहिला होता. पण लिहिलेलं राहतं आणि वाट मिळाली की आपोआप निघतं, हे तिला त्या रोझोच्या बाईने शिकवलं होतं. तिने पाठवायचं बटण दाबलं. शेजारी बारकं घड्याळ उमटलं, म्हणजे थांबलेलं आहे. फोन तिने एप्रनच्या खिशात टाकला. वर जाऊन तोंडानेच सांगू, असं ठरवून तिने पहिला कुपा बाहेर ओढला.

तेवढ्यात तिच्या खिशात शंख वाजला.

तिला तसं वाटलं. इतका आनंद तिला पुन्हा कधी झाला नाही. टॉवर लागला, निरोप गेला, कुणीतरी उत्तर दिलं. तिने ओल्या हातांनी फोन काढला. घड्याळ तसंच होतं. आणि शंख वाजतच होता. फोनमधला चार सेकंदांत संपायचा, तो तिनेच कापला होता. हा संपत नव्हता. तो डोंगरावरून येत होता, वरून, नदीच्या वाटेवरून, आणि श्वास संपला तिथं क्षणभर थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

एर्लीनच्या हातून मासा पडला. घोट्याएवढी नदी तिला आता कळली.

वर काय झालं होतं ते नंतर समजलं. नदीच्या घळीत दोन्ही बाजूंचा डोंगर खाली बसला होता आणि मातीचा बांध तयार झाला होता. मागे दोन दिवसांचं पाणी तुंबलेलं, झाडांनी भरलेलं, पिवळं. तेओ तिथं पोचला तेव्हा बांधाच्या अंगातून पाणी झिरपायला लागलं होतं. खाली धावत जाण्याएवढे त्याचे पाय राहिले नव्हते. त्याने पोतं उघडलं.

शाळेत त्याच वेळी काय झालं तेही नंतरच समजलं. शंख कानावर पडला आणि हॉल उठून उभा राहिला. कुणीतरी म्हणालं, बघा, फोन नाही तर एर्लीनने म्हाताऱ्याला धरून खरा शंख वाजवायला लावला. लोक हसले. घमेली उचलली. कोपऱ्यातून झेफिरीन म्हणाली की अरे हा चढायचा आहे, हा चढायचा. तिची नातसून म्हणाली, आजी, तो जुना झाला, हा आपला फोनवालाच, आणि तिच्या हातातलं पातेलं घेऊन निघून गेली. तरी काहीजण दारात घुटमळले. वयाची चाळिशी गेलेल्यांच्या मनात काहीतरी हललं असणार. पण तेवढ्यात छपरावरून कालिस्तने उडी टाकली.

त्याला आवाज बरोबर कळला होता. तो तेओचा मुलगा. आणि त्याला हेही माहीत होतं की नदीच्या मुखाशी कोण आहे. तो उतारावरून खाली सुटला, जिवाच्या आकांताने, हातवारे करत, ओरडत, मागून येणाऱ्या लोकांना हात हलवून वर जा म्हणत. पण मागच्यांना ऐकू काय जाणार, त्या शंखाखाली. त्यांना एवढंच दिसलं की कासव पळतंय. जो माणूस दावं सुटलं तरी पळाला नाही, तो कोळी समुद्राकडे पळत सुटलाय. मग तर मासळी नक्कीच होती. दारात घुटमळलेलेही निघाले.

एर्लीन बर्फघराबाहेर आली तेव्हा वाटेवर तिला तो दिसला आणि त्याच्या मागे वळणावरून येणारी माणसं. पुढे शाळेतली पोरं, खेळात ढकलायची तशी एकमेकांना ढकलत. डोक्यावर घमेली. ती किंचाळली, मागे फिरा. दोन्ही हात उंचावून हलवायला लागली. पुढच्या एका बाईने तिला पाहिलं आणि आपलं घमेलं उंचावून हलवलं.

कालिस्तने येऊन तिचा दंड धरला आणि तिला शिडीवर अक्षरशः फेकलं. त्याचा श्वास आत-बाहेर होत नव्हता.

"मोन्ते," तो म्हणाला.

"ते बघ ना, ते सगळे येताहेत..."

"सांगतो मी त्यांना. तू चढ."

ती चढली. स्लॅबवर पाट्यांच्या दांड्याला धरून तिने मागे पाहिलं तेव्हा तो वाटेच्या मधोमध उभा होता, हात पसरून, जनावरं अडवावीत तसा. पुढची पोरं त्याच्यापर्यंत आली होती. एकाला त्याने दोन्ही खांद्यांना धरून उलटं फिरवलं. त्या पोराने वर बघितलं, मग पलीकडे डोंगराकडे, आणि त्याचं हसू गेलं. ते तिला एवढ्या लांबून दिसलं. वर शंख चालूच होता. जितकी माणसं खाली धावताना तेओला दिसत होती तितका तो आणखी जोर लावून फुंकत होता, आणि तो जितका फुंकत होता तितकी मागची माणसं घाई करत होती.

मग दुसरा आवाज आला आणि शंख ऐकू येईनासा झाला.

बर्फघर हललं नाही. एवढं चांगलं तिने बांधलं होतं. पाणी स्लॅबच्या हातभर खालून गेलं, झाडं भिंतीवर आपटून फिरली आणि समुद्रात गेली, आणि संध्याकाळपर्यंत सगळं थांबलं. वाट नव्हती, वळण नव्हतं, खालची आळी नव्हती. जे मागे राहिले ते वाचले: लंगडे, म्हातारे, पोरांना दूध पाजणाऱ्या बाया, कोपऱ्यात बसलेली झेफिरीन. कालिस्तने उलटं फिरवलेला तो मुलगाही वाचला, एका आंब्याच्या खोडाला मिठी मारून. बाकीच्यांना शोधायला होड्या नव्हत्या. कालिस्तचा देह चौथ्या दिवशी शेजारच्या गावाच्या किनाऱ्याला लागला. बर्फघरात मासळी तशीच कडक होती. ती कुणी खाल्ली नाही. सैनिकांनी येऊन ती पुरली.

तेओला खाली यायला दोन दिवस लागले, डोंगराच्या पाठीवरून फेरा घेऊन. शाळेत आल्यावर लोक त्याच्याकडे बघेनात. कुणी त्याला दोष दिला असं नाही. कुणी एर्लीनलाही दिला नाही, तोंडावर तरी. जे गेले त्यांच्या घरच्यांच्या फोनमध्ये तिनेच आवाज लावून दिला होता, स्वतःच्या हाताने, त्यांच्या ओसरीवर बसून, त्यांचा कोकोचा चहा पिऊन. त्यांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर तिला जगणं सोपं गेलं असतं.

दफन झालं त्या संध्याकाळी तेओ तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला. पोतं मांडीवर. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला सैनिकांनी आणलेलं जनरेटर घरघरत होतं आणि गावाचे सगळे फोन तिथं रांगेत भरायला लावले होते. ज्यांचे मालक उरले नव्हते तेही. घरच्यांनी ते काढू दिले नाहीत.

तेओ म्हणाला, "तो खाली का पळाला? त्याला तर कळत होतं."

"मला न्यायला," एर्लीन म्हणाली.

त्याने मान हलवली. ते त्याला समजलं. ते तर त्यानेही केलं असतं. मग त्याने पोत्यावरून हात फिरवला, आतल्या शंखाचा आकार चाचपला.

"आणि बाकीचे? मी तर जीव तोडून फुंकत होतो, पोरी. छाती फुटेल इतका. मला वरून दिसत होते सगळे. मी म्हटलं, यांना ऐकूच जात नाही की काय, म्हणून मी आणखी लांब..."

त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्या दिवसांत एकानेही सांगितलं नव्हतं. एर्लीनला वाटलं की न सांगता राहता येईल. म्हाताऱ्याचं किती राहिलंय. नदीच्या आवाजात ऐकू आलं नसेल म्हणायचं आणि सोडून द्यायचं. पण तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आणि त्याचं तोंड दातांशिवाय अगदी लहान मुलासारखं दिसत होतं.

"ऐकू गेला त्यांना," ती म्हणाली. "त्यांना वाटलं मासळी आली."

पोत्यावरचा तेओचा हात थांबला.

त्याच वेळी, कुठल्याशा डोंगरावर माणसांनी फोनचा तात्पुरता खांब उभा केला होता तो चालू झाला असणार. भिंतीच्या त्या टोकाला, रांगेतल्या सगळ्या फोनांत, एकदम, शंख वाजला.

हॉलमधलं प्रत्येक माणूस उठलं. बायांनी पोरं कडेवर मारली, कुणी म्हातारीला पाठीवर घेतलं, कुणी किंचाळलं नाही, कुणी काही विचारलं नाही. दारातून बाहेर पडून, भांडी तिथंच टाकून, ते सगळे डोंगर चढायला लागले. वर, अंधारात, एकमेकांना हात देत. तेओनेही एर्लीनचं मनगट धरलं आणि भिंतीच्या आधाराने उठला.

"चल," तो म्हणाला. "मोन्ते, पोरी. मोन्ते."

एर्लीन उठली नाही. ओळीतला तिचा फोन तिला इथून दिसत होता. त्याच्यावरचं घड्याळ गेलं होतं, थांबलेला निरोप निघाला होता.

"बसा, पापा," ती म्हणाली. "माझाच आहे. मासळीचा आहे."

तो बसला नाही. तिचं मनगट धरून तो तिला ओढत राहिला.